ताई, दुसरी सीडी सापडली

ताई, डीव्हीडी झाली. तुझ्या लग्नाच्या तिन्ही सीड्या एका डीव्हीडीवर आल्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं सलग, काही कापलं नाही. मध्ये कुठे अडकत नाही.

तू म्हणशील, 'मी गेल्यावर झाली का बे?' हो, तू गेल्यावर झाली. गेल्या उन्हाळ्यापासून तू मागत होतीस, 'जुनी अडकते, नवीन करून पाठव,' आणि मी दर वेळी 'या वीकेंडला करतो' म्हणत होतो. हे ऐकवायला तू नाहीस, म्हणून मीच स्वतःला ऐकवून घेतलं. आता पुढचं ऐक.

तुझ्याबद्दल बरंच लिहून आलंय. शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'शांत, मितभाषी आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या मॅडम.' मी ते भाऊजींना फोनवर वाचून दाखवलं, तर ते त्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, "कोणत्या मॅडमबद्दल लिहिलंय ते विचारून घे." माणूस गेलं की त्याला गुळगुळीत करून टाकायची लोकांना घाई असते. मी तुला गुळगुळीत होऊ देणार नाही. तू भांडखोर होतीस. माझ्याशी तू एका गोष्टीवरून शेवटपर्यंत भांडलीस, आणि ते भांडण मी नागपूरला सोडून आलेलो नाही. ते मी विमानात घालून इकडे टेक्सासला परत आणलं.

तुझ्या लग्नाला मी नव्हतो. माझे व्हिसाचे कागद अर्धवट होते, देशाबाहेर पडलो असतो तर परत यायची खात्री नव्हती. मी फोनवर रडकुंडीला आलो होतो आणि तू मला दटावत होतीस. "इथे येऊन काय करणार आहेस? पंगतीत वाढायला पोरं आहेत. व्हिडिओवाल्याला सांगून ठेवते, एक गोष्ट सोडू नको म्हणून." त्या माणसाने खरंच काही सोडलं नाही. कढईतली भाजी घेतली, चपलांचा ढीग घेतला, मांडवाबाहेर झोपलेलं कुत्रंसुद्धा घेतलं. वर तुझ्या चेहऱ्याभोवती बदामाचा आकार टाकला आणि खाली स्वतःच्या स्टुडिओची जाहिरात पळवत ठेवली. तीन सीड्या भरल्या. त्या तू सावजी मसाल्याच्या पुड्यांबरोबर एकाच खोक्यात पाठवल्यास. वाटेत पुडी फुटली. कितीतरी दिवस तुझ्या लग्नाला मसाल्याचा वास येत होता.

अर्विंगच्या त्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं राहायचो. तिघं पुण्या-मुंबईचे आणि मी नागपूरचा. प्रत्येकाच्या घरून अशा सीड्या यायच्या. कोणाच्या बहिणीचं लग्न, कोणाच्या भाच्याची मुंज. शनिवारी दुपारी कोणाचंही कार्य लावायचं आणि सगळ्यांनी मिळून बघायचं. आम्हाला एकमेकांचे मामा चेहऱ्याने पाठ होते. "हा बघ, आला परत आइस्क्रीमच्या टेबलापाशी," असं आम्ही कोणाच्याही मामाला बोलायचो आणि ज्याचा मामा तोच जास्त हसायचा. ज्या लग्नांना आम्हाला जाता आलं नाही, त्यांना आम्ही असे चौघं मिळून जायचो.

तुझ्या लग्नाला मात्र मी एकटा गेलो. दार लावून, लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून.

तुझ्या मांडवात बुद्धमूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो होता, आणि तू पांढऱ्या साडीत होतीस. पहिल्या पाच मिनिटांत त्या तिघांना कळलं असतं. आपल्या आडनावावरून त्यांना नक्की काही कळत नव्हतं. 'तुम्ही मूळचे कुठले?' असं दोन-तीनदा विचारून झालं होतं, आणि दर वेळी मी 'नागपूर' म्हणून चहा ठेवायला उठलो होतो. तुझा फोन आला की तुझा पहिला शब्द 'जय भीम'. माझा पहिला शब्द, 'हं, बोल.' तुला तेव्हाच समजलं होतं. तू तरी 'जय भीम' म्हणायची सोडली नाहीस आणि मी तरी 'हं, बोल' सोडलं नाही.

दुसऱ्या सीडीच्या अगदी शेवटी, फुलं उधळून झाल्यावर, तू व्हिडिओवाल्याला बोटाने जवळ बोलावतेस. थेट कॅमेऱ्याच्या काचेत बघतेस आणि म्हणतेस, "जय भीम, संजू. एकटा बघू नको. मित्रांना बोलाव, आणि सांग त्यांना, ही माझी ताई." मग तू थांबतेस. वाट बघत थांबतेस, जसं काही मी तिथेच समोर उभा आहे आणि आता उत्तर देणार आहे.

मी दर वेळी तिथे बंद करायचो आणि तिसरी सीडी घालायचो. त्या अपार्टमेंटच्या भिंती फार पातळ होत्या.

सगळ्यांच्या सीड्यांची डीव्हीडी करायचं काम माझ्याकडे आपसूक आलं. एका सीडीवर तासाभराचं मावतं, डीव्हीडीवर तशा पाच-सहा सहज बसतात. सीडीतली फाइल काढायची, तिचा आवाज डीव्हीडीला चालेल असा करून घ्यायचा, भाग एकापुढे एक लावायचे, सुरुवातीला मेनू करायचा. यात अवघड काही नाही, फक्त एक ग्यानबाची मेख आहे. प्रत्येक सीडीच्या पोटात त्या फाइलचं नाव एकच असतं. मुंज असो की लग्न, पुण्याचं असो की नागपूरचं, आत सगळ्यांचं नाव तेच. कॉपी केल्याबरोबर नाव बदललं नाही, तर पुढची फाइल आधीच्या फाइलवर जाऊन बसते. म्हणून मी 'भाग एक, भाग दोन, भाग तीन' अशी नावं द्यायचो आणि स्वतःला हुशार समजायचो.

अभिजीत आमच्यातला पहिला, ज्याने घर घेतलं. वास्तुशांतीला पुण्याहून त्याची आई आली होती. तिला आम्ही सगळे काकू म्हणायचो. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना अभिजीतचं लग्न दाखवायचं असं ठरलं होतं, आणि त्याच्या तीन सीड्यांची एक डीव्हीडी मी करून द्यायची होती. त्याच आठवड्यात मी तुझ्याही तीन सीड्या करायला घेतल्या होत्या. त्याचेही भाग एक, दोन, तीन. तुझेही भाग एक, दोन, तीन. तुझा भाग दोन कॉपी करताना कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी न वाचता 'हो' दाबलं.

हॉल भरलेला होता. टीव्हीवर अभिजीतचं सीमांतपूजन झालं, पडदा क्षणभर काळा झाला, आणि तू आलीस.

"अय्या, ही कोण?" कोणीतरी म्हणालं.

काकू चष्मा सावरत पुढे झुकल्या. "हे आपलं नाही."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "त्यांच्यातलं लग्न दिसतंय."

मग मांडवातल्या पाहुण्यांना हात जोडून बसवत बाबा आले. त्यांची ती एक खांदा पुढे टाकून चालायची सवय. अभिजीत हसायला लागला. "यार संजय, हे काका सेम तुझ्यासारखे दिसतात. चाल पण तीच."

"हो का," मी म्हणालो.

मी बसून राहिलो. उठलो असतो तर संशय आला असता. तासाभराचा भाग, लोक गप्पा मारत अधूनमधून बघत होते, कोणी पुढे पळवत होतं. फुलं उधळायला लागली तशी मला कळलं, की आता तू वळणार आणि माझं नाव घेणार. मी रिमोट घेतला आणि बंद केलं. "दुसऱ्या कोणाची तरी सीडी होती. चुकून मिसळली."

"बिचाऱ्या नवरीला परत पाठव तिच्या मांडवात," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

नंतर मी अभिजीतला बरोबर डीव्हीडी करून दिली. ती चुकीची त्याच्याच घरी राहिली. मागितली असती, तर कोणाची आहे ते सांगावं लागलं असतं.

हे सगळं मी आज कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही, ताई. तुला ते दुसऱ्याच दिवसापासून माहीत होतं, कारण मीच तुला सांगितलं. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "साडी कशी दिसली?"

"ताई, मी काय सांगून राहिलो..."

"ते कळलं. साडी कशी दिसली?"

"चांगली."

"मग हसले काहून?"

 लगेच तू विचारलंस, "नक्की काय म्हणालास तू? 'माहीत नाही' म्हणालास, की 'माझी बहीण नाही' म्हणालास?"

"'दुसऱ्या कोणाची तरी' म्हणालो."

"म्हणजे दोन्ही," तू म्हणालीस. आणि मग, "जाऊ दे. बाबांना सांगू नको."

ते 'जाऊ दे' मला नको होतं. मी तुझ्या शिव्या खायला फोन केला होता. तू इतक्या स्वस्तात सोडून दिलंस म्हणून पुढची कितीतरी वर्षं मी तुझ्यावर चिडून होतो. आणि चिडलेला माणूस कारणं देत सुटतो. अभिजीतने मला त्याच्या कंपनीत लावून दिलं होतं. त्याचा मॅनेजर त्याच्या गावचा होता. टीममध्ये कोणी कोणाचं कोण, हे बाहेरच्याला दिसत नाही. मी तुला म्हणालो, "तिकडे बसून तुला हे कळणार नाही."

"मी इकडे स्टाफरूममध्ये बसते," तू म्हणालीस. "मी डबा उघडला की शेजारची खुर्ची सरकते. मला काय कळणार नाही ते एकदा नीट सांग."

मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी तुझा परत फोन. "जय भीम." मी, "हं, बोल."

मग माझं लग्न झालं, घर झालं, इथल्या आपल्या लोकांत मी मिसळलो. जयंतीला माइकवरून बोलायला लागलो. तिथे मी घसा ताणून जय भीम म्हणायचो आणि त्याचा व्हिडिओ तुला पाठवायचो. तुला काय, कौतुक करणं माहीतच नव्हतं. "आपल्या लोकांत सगळेच शूर असतात," तू म्हणायचीस. "अभिजीतला सांगितलंस का?"

"इतक्या वर्षांनी काय सांगायचं?"

"मग ठीक आहे. माझी डीव्हीडी तरी नवीन करून पाठव. बरोबर दुसऱ्या भागात अडकते. तुझं नाव घ्यायच्या आधीच अडकते बघ, तुझ्यासारखीच."

मी तेव्हा करून पाठवलेली ती डीव्हीडी तू दाखवून दाखवून झिजवली होतीस. घरी येणाऱ्या कोणालाही तू ती लावायचीस, अगदी सिलिंडर घेऊन आलेल्यालाही एकदा बसवलं होतंस म्हणे. फोनवर बघ म्हटलं तर तुला ते पटायचं नाही. लग्न हातात धरून बघायची गोष्ट नाही, समोर बसून बघायची आहे, असं तुझं म्हणणं. मेनूवरून तर तू माझी वर्षभर टर उडवलीस. "मेनू कशाला दिला आहेस? मला सगळंच पाहिजे."

तू गेल्यावर मी आलो. या वेळी कोणत्याही कागदाने अडवलं नाही, फक्त अंतराने अडवलं. मी पोचलो तेव्हा तू तुझ्या घरात नव्हतीस. तुझ्या खोलीत टीव्हीखाली तो प्लेयर होता आणि डीव्हीडी आतच होती. भाऊजी म्हणाले, "ने. ती कुठे चालते आता." ती मी घेऊन आलो. विमानात ठरवलं, की आपल्या घरी अर्विंगला तुझं पुण्यानुमोदन करायचं, आणि त्या दिवशी तुझं लग्न पूर्ण लावायचं. तुला हवं तसं, समोर बसवून.

माझ्याकडच्या सीड्या कपाटात वरच्या खणात होत्या. पहिली चालली. तिसरी चालली. दुसरीची चंदेरी बाजू पापुद्र्यासारखी सुटली होती. उजेडात धरली तर आरपार दिवा दिसत होता. ड्राइव्ह घरघरला आणि गप्प बसला. माझी मुलगी मैत्री शेजारी उभी होती. ती म्हणाली, "डॅड, इट्स डेड," आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. तुझी नागपूरची डीव्हीडी घातली, तीही त्याच भागात अडकून बसली. भाऊजींना सांगून त्या व्हिडिओवाल्याची चौकशी केली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

"इज देअर एनी अदर कॉपी?" मैत्रीने विचारलं.

"एक आहे," मी म्हणालो.

सुजाता स्वयंपाकघरातून ऐकत होती. हात पुसत बाहेर आली. तिला माझ्याशी लग्न करतानाच मी सगळं सांगितलं होतं. "फोन करणार आहेस?"

"हो."

"त्याने फेकून दिली असेल तर?"

"तर दिली असेल."

"आणि ठेवली असेल तर?"

ताई, खरी भीती मला या शेवटच्या प्रश्नाची वाटली. पण मी तेव्हाच फोन लावला, तिथेच, तिच्या आणि मैत्रीच्या समोर, स्पीकर चालू ठेवून. बंद दारामागचं माझं बोलणं त्या दिवशी संपवायचं होतं.

"अरे संजय," अभिजीत म्हणाला. "ऐकलं मी यार, तुझ्या बहिणीचं. फार वाईट झालं."

"अभिजीत, तुझ्या वास्तुशांतीची ती चुकीची डीव्हीडी अजून आहे का तुझ्याकडे?"

"कोणती? ती ज्यात मध्येच दुसरं लग्न आलं होतं ती? असेल गॅरेजमध्ये. मी काही टाकत नाही, तुला माहितीये. का रे?"

"ती नवरी माझी ताई. जी आता गेली, ती."

 तो म्हणाला, "आणि ते काका..."

"माझे बाबा."

"मला तेव्हा वाटलंच होतं यार," तो म्हणाला.

मी सगळ्याची तयारी केली होती, याची नव्हती केली. "वाटलं होतं तर विचारलं का नाहीस?"

"तुला ऑकवर्ड झालं असतं."

"मला?"

 "सगळ्यांनाच झालं असतं, खरं सांगायचं तर."

खरं सांगायचं तर. इतकी वर्षं मी समजत होतो, की मी लपवतोय आणि ते लोक फसतायत. फसत कोणी नव्हतं. मी लपवत होतो आणि ते मला लपवायला मदत करत होते, कारण त्यात त्यांचीही सोय होती. त्याला मी चांगुलपणा म्हणणार नाही. अभिजीत वाईट माणूस नाही. मला नोकरी त्याने लावून दिली, मैत्रीच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलमध्ये तो आमच्याबरोबर बसला होता. पण त्या हॉलमध्ये त्याने माझ्या बाबांना ओळखलं आणि मी 'हो का' म्हणालो, तेव्हा त्याला बरं वाटलं. हेही मी आता लिहून ठेवतो.

मी त्याला म्हणालो, "मी आता सांगितलंय, तेव्हा ऑकवर्ड होऊ दे. डीव्हीडी शोधून आणून दे. आणि रविवारी घरी ये. काकूंना घेऊन ये."

"आई आता काठी घेऊन चालते रे. आणि तिला ते आठवणार पण नाही."

"म्हणूनच घेऊन ये."

दोन दिवसांनी तो ऑफिसमधून जाताना दाराशी देऊन गेला. कागदी पाकीट, आत डीव्हीडी, तिच्यावर त्याच्या अक्षरात काळ्या मार्करने लिहिलेलं: 'चुकीची'. ती चालली, ताई. गॅरेजच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात राहून चालली. त्याच्या सीमांतपूजनानंतर पडदा काळा झाला आणि तू आलीस. तुझ्या मालकीची एकही दुसरी सीडी जगात उरली नव्हती. मी ज्या डिस्कवर तुला नाकारलं, तिनेच तुला सांभाळून ठेवलं होतं. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मला त्यातून काही सुंदर काढायचंही नाही.

मैत्री जोडायला बसली. पहिला आणि तिसरा भाग सीडीतून, दुसरा त्या डीव्हीडीतून. दुसरा भाग मी तेव्हा अमेरिकन टीव्हीला चालावा म्हणून बदलला होता, त्यामुळे त्यात तुम्ही सगळे किंचित अडखळत चालता. जोड दिसतो.

"आय कॅन स्मूद इट आउट," मैत्री म्हणाली. "आणि हे हार्ट्स पण काढू? आणि तो डॉग?"

"काही काढायचं नाही. कुत्रंही राहील."

"बट यू कॅन सी व्हेअर इट चेंजेस, डॅड."

"दिसू दे."

शेवटी तू काचेत बघून बोललीस, आणि थांबलीस. मैत्री बघत राहिली. "व्हॉट इज शी वेटिंग फॉर?" मी तिला तिथेच बंद करायला लावलं. पुढचं रविवारी, म्हटलं.

रविवारी हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो टीव्हीशेजारी मांडला. इतकी वर्षं तो फोटो आमच्या आतल्या खोलीत होता, हे तू आलीस तेव्हा बघितलं होतंस आणि चक्क काही बोलली नव्हतीस. तुझं ते गप्प बसणं मी विसरलेलो नाही. फोटो आता बाहेरच राहणार आहे. तुझा फोटो खाली ठेवला, तो शाळेतला, ज्यात तू फोटोग्राफरवर वैतागलेली दिसतेस. आपले लोक आले. माझ्या टीममधलेही चार-पाच जण आले, कारण मी सगळ्यांना बोलावलं होतं, आणि कशासाठी ते सांगून बोलावलं होतं. त्रिसरण-पंचशील झालं. काही जण हात जोडायचे की नाही या विचारात अर्धे हात वर करून उभे होते. असू देत.

काकू अभिजीतचा हात धरून आल्या. मला म्हणाल्या, "अभिजीतने सांगितलं मला सगळं. त्या दिवशी मी काही बोलले असेन, तर मला खरंच आठवत नाही रे."

"'हे आपलं नाही,' असं म्हणालात, काकू."

"संजय, यार..." अभिजीत मध्ये पडला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "बोलू दे त्याला." आणि त्या टीव्हीसमोरच्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांनी माफी मागितली नाही. मीही आवाज खाली घेतला नाही.

मग तुझं लग्न लावलं. पहिला भाग गेला. जोड आला, दिसला. तू पांढऱ्या साडीत मांडवात आलीस. बाबा खांदा पुढे टाकून पाहुण्यांना बसवत फिरले, आणि मी खोलीला ऐकू जाईल असं म्हणालो, "हे माझे बाबा." कोणी हसलं नाही. काकू पुढे झुकून बघत होत्या. बराच वेळ बघून त्या शेजारच्या सुजाताला म्हणाल्या, "साडी फार सुरेख नेसलीय गं." घे ताई. हे तुझ्या 'साडी कशी दिसली?'चं पेंडिंग उत्तर. मी आपलं पोचवतो, त्याचं मोल तू ठरव.

फुलं उधळून झाली. तू व्हिडिओवाल्याला बोटाने जवळ बोलावलंस. माझा हात रिमोटकडे गेला, खोटं कशाला बोलू, सवयीने गेला. रिमोट मैत्रीच्या मांडीवर होता. तिने तो दिला नाही.

"जय भीम, संजू," तू म्हणालीस. "एकटा बघू नको. मित्रांना बोलाव, आणि सांग त्यांना, ही माझी ताई."

आणि थांबलीस.

मी उभा राहिलो. "जय भीम, ताई," मी म्हणालो. खोली भरेल इतक्या मोठ्याने म्हणालो. माइकवर म्हणतो तसं नाही. फोनवर म्हणायला हवं होतं तसं.

त्यापुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं. दर वेळी आधीच बंद करत आलो होतो, आणि तुझी डीव्हीडीही त्याच्या आधीच अडकायची. पण पुढे आणखी काही सेकंद होते. तू मान हलवलीस, जसं काही तुला ऐकू आलं. मग तुझ्या चेहऱ्यावर ते हसू आलं, कोणाची तरी नक्कल करायच्या आधी यायचं ते, आणि माझ्याच आवाजात, माझ्याच घाईने, तू म्हणालीस,

"हं, बोल."

मी टीव्हीकडे पाठ केली, खोलीकडे वळलो आणि बोलायला लागलो.